सकाळच्या सत्तावीस शिंका

घड्याळजी नाकासमोर चालणारे गृहस्थ म्हणून सगळ्या गल्लीत ओळखले जायचे. त्या नाकानं आयुष्याची बावन्न वर्षं फारसा त्रास दिला नव्हता. सकाळी चार-दोन शिंका यायच्या, पाऊण रुमाल ओला व्हायचा, संपलं. त्रेपन्नाव्या वर्षी मात्र ते नाक हाताबाहेर गेलं.

त्या दिवशी दुकानात त्यांच्यासमोर एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात केसाहून बारीक स्प्रिंग. ही स्प्रिंग बसवताना घड्याळजी श्वास रोखायचे, इतका की शेजारचा शिंपी एकदा घाबरून बघायला आला होता. स्प्रिंग जागेवर टेकणार, एवढ्यात नाकाच्या शेंड्यावरून मुंगी चालल्यासारखं झालं, तोंड आपोआप छताकडे वळलं आणि पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. शिंक ओसरली तेव्हा चिमटा हातात होता आणि स्प्रिंग कुठेच नव्हती.

महिन्यातली ही चौथी. लोहचुंबक फिरवायची सोय नाही, त्यानं स्प्रिंग बिघडते. म्हणून घड्याळजी टॉर्च आणि मऊ ब्रश घेऊन काउंटरखाली रांगायला लागले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला दुकानात कुणी दिसेना, फक्त लाकडी काउंटर ओळीनं सहा वेळा शिंकलं. "तब्येत सांभाळा," असं काउंटरला सांगून गिऱ्हाईक निघून गेलं.

दुकानातल्या शिंका या उरल्यासुरल्या होत्या. खरा बार घरी उडायचा, सकाळी डोळा उघडल्यापासून सात वाजून जाईपर्यंत. सरासरी सत्तावीस. हा आकडा आत्यानं काढलेला होता, त्यामुळे त्यावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

आत्या म्हणजे घड्याळजींची सख्खी आत्या. चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. कानावरचा हेडफोन निवृत्तीच्या दिवशी उतरला, पण समोरचा प्रत्येक माणूस आपल्याला कुठलातरी नंबर मागतोय ही समजूत काही उतरली नाही. घड्याळजींचं लहानपण तिच्याकडेच गेलं. आई-वडिलांच्या सारख्या बदल्या, म्हणून पोरगा आत्याकडे. हाताला लागेल ती वस्तू खोलून ठेवायचा, म्हणून तिनं त्याचं नाव 'चिमट्या' ठेवलं होतं आणि ते अजून मागे घेतलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी गुडघ्यांनी आणि एकटेपणानं कंटाळून ती चिमट्याकडे राहायला आली. सोबत एक ट्रंक आणि एक राखाडी बोका. बोक्याचं नाव साहेब, कारण तो समोर बसून सगळ्यांकडे बघायचा आणि काही करायचा नाही.

आत्या आणि साहेब आले त्याच आठवड्यात शिंका चारावरून सत्तावीसवर गेल्या. दोन आणि दोन चार करायला घरात कुणाला वेळ लागला नाही. त्यातून घड्याळजींची बायको शाळेत विज्ञान शिकवायची.

"निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष," ती म्हणाली. "निरीक्षण तुमच्या नाकावर आहे आणि निष्कर्ष सोफ्यावर झोपलाय."

"अगं, पण तो बिचारा..."

"बिचारा म्हणून केस गळायचे थांबतात का त्याचे?"

आत्या हे सगळं ऐकत होती. चौतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी ऐकायचीच सवय. दोन दिवसांनी चहाच्या वेळी तिनं शांतपणे जाहीर केलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. याच्या शिंका थांबल्या तर ठीक. नाहीतर मी आणि साहेब दोघं जाऊ. मैत्रिणीनं तिच्याकडे एक खोली बघून ठेवलीय."

"कितव्या मजल्यावर?" घड्याळजींनी विचारलं.

"चौथ्या."

"लिफ्ट?"

"जिना चांगला रुंद आहे म्हणाली."

घड्याळजींनी कप बशीत ठेवला. आत्याचे गुडघे दारातली पायरी उतरतानाही तक्रार नोंदवायचे. आणि खरं सांगायचं तर प्रश्न नुसता गुडघ्यांचा नव्हता. घड्याळजी आणि त्यांची बायको वर्षानुवर्षं एकमेकांशी 'दूध आणलं का' आणि 'दार लावलं का' एवढ्या दोनच विषयांवर बोलत आले होते. आत्या आल्यापासून संध्याकाळी रमीचा डाव पडायचा, दोघी बायका संगनमतानं फसवाफसवी करायच्या आणि पकडल्या गेल्या की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. आपली बायको एवढ्या मोठ्यानं हसते हा शोध घड्याळजींना लग्नाच्या चोविसाव्या वर्षी लागला होता. तो शोध चौथ्या मजल्यावर पाठवायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चेहऱ्यावरची रेषा न हलवता बोलायच्या.

"शिंका कधी येतात?"

"सकाळी सहा चाळीस ते सात पाच."

"नाक वाहतं?"

"दोन्ही नळ."

"डोळे खाजतात?"

"भिंगाचा जास्त."

"ताप, अंगदुखी?"

"नाही."

"मग ही सर्दी नव्हे, ॲलर्जी आहे. साध्या, निरुपद्रवी वस्तूला तुमचं नाक शत्रू समजतंय आणि तोफा डागतंय."

"असं का करतं ते?"

"नाकांचे स्वभाव असतात. हा स्वभाव बहुधा मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो. आत्तापर्यंत काय काय केलंत?"

घड्याळजींनी खिशातून शिंप्यानं दिलेली बाटली काढली. नाकात घालायचे थेंब. पहिले तीन दिवस अमृत वाटले होते. नंतर नाकाचं दार आतून कडी घातल्यासारखं बंद.

"किती दिवस घेताय?"

"बारा."

"हे तीन-चार दिवसांपलीकडे घ्यायचे नसतात. आता थेंब पडल्याशिवाय उघडायचंच नाही असं नाकानं ठरवलंय. शिंप्याला म्हणावं बाह्या शिव." बाईंनी बाटली टोपलीत टाकली आणि कागदावर दुसरं औषध लिहिलं. "हा फवारा. रोज घ्यायचा, दोन्हीकडे. लगेच जादू होणार नाही, पुरता गुण यायला दोनेक आठवडे लागतात. आणि पुढच्या आठवड्यात चाचणी करू. तोवर शिंकेच्या गोळ्या बिलकूल घेऊ नका, नाहीतर चाचणी खोटं बोलेल."

चाचणीचा दिवस घड्याळजींना अतोनात आवडला. हातावर पेनानं आखणी, प्रत्येक खुणेवर निरनिराळ्या पदार्थाचा थेंब, थेंबातून सुईचा हलकासा टोचा, मग बरोब्बर पंधरा मिनिटं थांबायचं. शेवटी ज्या जागी गांधी उठेल तो गुन्हेगार. असं काटेकोर काम आपल्या धंद्याबाहेरही कुणी करतं याचं त्यांना कौतुक वाटलं.

"सतरा सेकंद जास्त झाले," बाई पट्टी घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले.

"हरकत नाही."

"नाही, तुमच्या भिंतीवरचं मागे आहे. आणून द्या कधीतरी."

बाईंनी गांधी मोजल्या. मांजराच्या खुणेवर काहीच नव्हतं. घड्याळजींनी भिंग लावून स्वतः तपासलं. सपाट. धुळीतल्या किड्यांच्या खुणेवर मात्र नऊ मिलिमीटरचं टेंगूळ दिमाखात उभं होतं.

"हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत," बाई म्हणाल्या. "गाद्या, उशा, गालिचे, जुनी कापडं यांत राहतात. आपल्या कातडीचा भुगा झडतो, त्यावर जगतात."

"भिंगातून दिसतील?"

"दिसले तर तुमची झोप जाईल. चादरी, खोळी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. धूळ धरणाऱ्या वस्तू कमी करा. आणि फवारा नियमित."

घड्याळजी घरी आले ते थेट सोफ्यापाशी. बायको आणि आत्या दोघी समोर असताना त्यांनी हात पुढे केला आणि मांजराची सपाट जागा दाखवली. "निर्दोष," ते म्हणाले. साहेबानं एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला.

"एका चाचणीवरून निष्कर्ष काढत नाहीत," बायको पुटपुटली.

"तू तर एकाही चाचणीशिवाय काढला होतास," आत्या म्हणाली.

मग घरात झाडाझडती सुरू झाली. पडदे उतरले. गालिचा एका नातेवाइकाला देण्यात आला, त्याला अजून त्याचं कारण माहीत नाही. दर रविवारी बायको सगळ्या चादरी-खोळी गरम पाण्यात काढायची आणि ओल्या फडक्यानं धूळ पुसायची. शिंका सत्तावीसवरून बावीसवर आल्या आणि तिथं फतकल मारून बसल्या. एखाद्या दिवशी आठ, की दुसऱ्या दिवशी तीस.

"फवारा नियमित घेताय ना?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं.

"एकदम नियमित," घड्याळजी म्हणाले, आणि यात त्यांच्या मते तसूभरही खोटं नव्हतं.

झालं होतं असं, की घड्याळजी हा धंदा ज्या उस्तादाकडे शिकले त्याचा पहिला दंडक होता, चालत्या घड्याळाचं झाकण उघडायचं नाही. बंद पडलं, मागे पडलं, तर उघडा. चालतंय तर हात लावू नका. तीस वर्षं घड्याळजींनी हा दंडक पाळला होता. नाकालाही त्यांनी तोच लावला. सकाळी शिंका कमी आल्या, म्हणजे नाक चालतंय, म्हणजे औषधाची बाटली खणात. शिंकांचा भडिमार झाला की बाटली बाहेर, एकदम चार-चार फवारे, मान छताकडे आणि असा दणदणीत सुर्रका की सगळं औषध नाकाला टाटा करून घशात. वर पुन्हा दुरुस्तीच्या वहीत टिपण ठेवलेलं. डाव्या बाजूला 'बिघाड', उजव्या बाजूला 'काय केले'. बिघाड नाही त्या तारखांपुढे स्वच्छ कोरी जागा. यात आपण काही चुकवतोय असं त्यांना वाटत नव्हतं, उलट शिस्तीचा अभिमान वाटत होता.

महिना संपायला नऊ दिवस उरले. आत्यानं बैठकीतल्या आपल्या पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली आणि आत कपड्यांना जागा करून ठेवली. संध्याकाळी सात वाजता घड्याळजी स्टुलावर चढले आणि नेहमीप्रमाणे बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला लागले. आत्या साहेबाला मांडीवर घेऊन बघत होती.

"चिमट्या, ते बंद पडलं होतं?"

"छे. चांगलं चाललंय."

"मागे पडलं होतं?"

"माझ्या घरातलं घड्याळ मागे पडेल?"

"मग चावी कशाला देतोयस?"

"अगं, रोज द्यावीच लागते. चालतंय तेव्हाच द्यायची. बंद पडल्यावर चावी दिली तर काय, गेलेली वेळ परत..."

चावी अर्ध्या फेऱ्यात थांबली. घड्याळजी स्टुलावरच उभे राहिले. खाली वहीत कोऱ्या जागा होत्या आणि त्या आत्यानं दुपारीच वाचल्या होत्या हे त्यांना तिच्या तोंडावरून कळलं.

"नंबर एकदा फिरवायचा, लागला नाही की ठेवून द्यायचा, मग चार दिवसांनी चारदा फिरवायचा," आत्या म्हणाली. "अशी गिऱ्हाइकं मी चौतीस वर्षं ऐकलीत. सगळे म्हणायचे, लाइन खराब आहे."

"डॉक्टर 'रोज' म्हणाल्या होत्या," बायको पत्ते पिसता पिसता म्हणाली. "रोज म्हणजे रोज. इयत्ता पहिली."

"खाली उतर," आत्यानं हुकूम सोडला. "एवढ्यानं भागणार नाही. बिघाड शोधायचा तर एका टोकापासून सुरुवात करायची. लाइन कधीपासून खराब?"

"तुम्ही दोघं आलात तेव्हापासून."

"दिवसाच्या कुठल्या वेळी?"

"सकाळी उठल्यावर."

"म्हणजे बिघाड झोपायच्या जागी. साहेब तुझ्या खोलीत येतो?"

"दार लावलेलं असतं."

"मी आणि साहेब आलो त्या दिवशी तुझ्या घरात आणखी काय आलं?"

"ट्रंक."

"ट्रंकेतून तुझ्या खोलीत काय गेलं?"

आता पत्ते पिसायचे थांबले. ट्रंकेतून आत्यानं पहिल्याच दिवशी एक उशी काढली होती. चिमट्याची लहानपणची उशी. तिच्याशिवाय तो झोपायचा नाही म्हणून तिनं सत्तेचाळीस वर्षं जपून ठेवलेली. घड्याळजी त्याच रात्रीपासून त्या उशीवर डोकं ठेवून झोपत होते, आणि त्रेपन्नाव्या वर्षी इतकी गाढ झोप लागते याचं श्रेय मनातल्या मनात आत्याला देत होते.

"खोळ मी दर रविवारी उकळते," बायको म्हणाली. "आत कोण राहतंय ते कशाला बघतेय मी." मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. "थांबा. प्रयोग करू. आधी साहेब."

साहेबाला उचलून घड्याळजींच्या नाकाखाली धरण्यात आलं. दोन मिनिटं, घड्याळ लावून. घड्याळजी मिशीसारखा साहेब लावून बसून राहिले. काही झालं नाही. साहेबानं जन्माचा अपमान झाल्याच्या चेहऱ्यानं जमिनीवर उडी मारली.

"आता उशी."

उशी आली. खोळ काढली, आणि घड्याळजींनी धंद्यातल्या पातीनं एका कोपऱ्याची शिवण उसवली. आतला कापूस कापूस राहिलेला नव्हता, राखाडी भुगा झाला होता. घड्याळजींनी आत डोकावून बघितलं, कारण उघडल्यावर आत बघायचंच ही सवय. पहिल्या शिंकेला भुगा उडाला, दुसरीपासून पुढच्या दहा त्या भुग्यात झाल्या. साहेब पलंगाखाली गेला. बायकोनं उशी दोन बोटांत धरून पिशवीत कोंबली आणि पिशवीचं तोंड तीन गाठींनी आवळलं.

"अकरा," आत्या म्हणाली. तिचा आवाज मात्र खाली आला होता. "म्हणजे साहेब नव्हताच. मीच होते."

"तू नाही, उशी," घड्याळजी डोळे पुसत म्हणाले. ते पाणी ॲलर्जीचं होतं की आणखी कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

"मीच आणली."

"मग फेकायचीही तूच. नाहीतर मी उद्या पिशवी उघडून परत आणेन, तुला माहितेय."

आत्या हसली. मग तिनं कॅलेंडरकडे बघितलं. "नऊ दिवस उरले. डॉक्टर म्हणते गुण यायला दोन आठवडे. मी महिनाअखेर म्हटलं होतं."

आत्या शब्दाची पक्की होती. वेळ संपली की मंत्र्याचीही लाइन कापली आहे, असं ती सांगायची. घड्याळजींनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बायको बोलली.

"आत्या, परगावच्या ट्रंक कॉलला तीन मिनिटांवर वेळ वाढवून मिळायची ना?"

"मिळायची. बोलणाऱ्यानं मागितली तर."

"मी मागते."

"कशासाठी? तुला तर घर मोकळं हवं होतं."

"मला बोका नको होता. तुम्ही गेलात तर मी रमीत फसवू कुणाला? यांना फसवण्यात काही कौशल्य लागत नाही."

"वाढवली तर साहेबासकट वाढेल."

पलंगाखालून शेपटीचं टोक दिसत होतं. बायकोनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "साहेबासकट," ती म्हणाली, दाढ काढून घ्यायला होकार द्यावा तशी.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता दोन कामं व्हायला लागली. आधी घड्याळाला चावी, मग घड्याळजींना. आत्या समोर खुर्ची टाकून बसायची. "बाटली हलव. मान किंचित खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत. मधल्या पडद्यावर नको, बाहेरच्या अंगाला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे तोंड कर. हं. हळू श्वास घे. सुर्रका मारू नकोस, बासुंदी नाही ती." सकाळी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. आणि नवी कोरी उशी, तिला चेनची घट्ट खोळ, शिंप्यानं प्रायश्चित्त म्हणून शिवलेली.

चौथ्या दिवशी एकोणीस. सातव्या दिवशी अकरा. नवव्या दिवशी पाच, आणि बाटली खणात ठेवायचा मोह इतका झाला की घड्याळजींनी खणाची किल्ली आत्याकडे देऊन टाकली. महिनाअखेर आली आणि गेली. ट्रंक तशीच मधोमध उभी होती. येता-जाता सगळ्यांच्या नडग्या तिला लागत होत्या, पण ती आत सरकवा असं म्हणायला कुणी धजत नव्हतं.

तेराव्या दिवशी घर उशिरा उठलं. बायको डोळे चोळत उठली, तेव्हा साडेसात वाजले होते. "अहो, शाळा! शिंकला का नाहीत?"

घड्याळजी पलंगावर बसून होते, हातात रुमाल, अर्धा तास वाट बघत. रुमाल कोरडा होता.

त्या दिवशी दुकानात त्यांनी मुद्दाम त्या बाईंचं घड्याळ पुन्हा पुढ्यात घेतलं. नवी स्प्रिंग चिमट्यात धरली आणि सवयीनं श्वास रोखला. मग सोडला. हवा आत गेली, बाहेर आली, कुणाला पत्ता लागला नाही. स्प्रिंग पहिल्या झटक्यात बसली. एवढा वेळ वाचला की त्यांनी आणखी तीन घड्याळं उरकली. मग दुकानभर फिरून तेलाची बाटली, लाकडी खण, चामड्याचे पट्टे एकेक करून हुंगले. प्रत्येकाला आपापला वास होता. शिंप्यानं दारातून हे बघितलं आणि काही न विचारता परत गेला.

संध्याकाळी डाव मांडला. घड्याळजी पानं लावत होते, तेवढ्यात साहेब मांडीवर येऊन बसला. नाकाखालचा प्रयोग त्यानं माफ केला होता. घड्याळजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मनापासून एक लांब श्वास घेतला आणि हात थांबवला.

"आत्या."

"हं."

"साहेबाला वास येतो."

दोघी बायकांनी पानं खाली ठेवली.

"चार महिने येतोय," बायको म्हणाली. "ओल्या पोत्याचा. मला वाटलं तुम्ही प्रेमापोटी सहन करताय."

"मला कळलाच नाही."

"आणि परवाची भाजी करपली होती ती?"

"करपली होती?"

"आमटीत मीठ नव्हतं?"

"ते कळलं होतं. बोललो नाही."

आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, फोनपाशी गेली आणि पाठ असलेला नंबर फिरवला. "हं, मीच बोलतेय. खोलीचं सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला देऊन टाक. नाही नाही, शिंका पूर्ण थांबल्या. आता वास यायला लागलेत त्याला. मांजर, भाजी, सगळ्याला नावं ठेवतोय. दोघांत कुणीतरी तिसरं हवं इथं, नाहीतर सून एकटी कुठवर ऐकेल. बरं, ठेवते, तीन मिनिटं होत आली."

फोन ठेवून तिनं जाता जाता ट्रंकेला पायानं एक धक्का दिला. ट्रंक पलंगाखाली गेली.

"साहेबाला रविवारी अंघोळ," ती जागेवर बसत म्हणाली. "चिमट्या, तू घालायचीस. आणि पानं नीट धर, तुझा एक्का दिसतोय मला."

"मलाही," बायको म्हणाली.